ओटीतलं बी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कुंडीत मिरची लावली आहे. झाड त्यांच्या खांद्याला लागलं, पानं हिरवीकाळी, तळहाताएवढी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्या ते दाखवतात. परवा मलाही दाखवलं. मी विचारलं, "मिरच्या किती लागल्या?" तर म्हणाल्या, "लागतील ना, आत्ता तर वाढून राहिलं आहे." मी "हो हो" म्हटलं, जिन्यात आले आणि एकटीच इतकी हसले की कठडा धरावा लागला. साठी कधीच ओलांडलेल्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाईनं असं हसू नये, कळतं मला. पण माजलेलं आणि बिनमिरचीचं झाड दिसलं की मला दिवाकरभाऊचं तोंड आठवतं, आणि ते आठवलं की अजूनही पोटात गार वाटतं. माझा मुलगा म्हणतो, आई, इतक्या वर्षांनी तरी सोडून दे. सोडत नाही. काय करशील?

उमरेडच्या रस्त्याला आमचं गाव. बा कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्याच्या नखांतला काळा रंग आंघोळीनं जात नसे आणि मायच्या बोटांतला तिखटपणा कशानंच जात नसे. माझ्या मायचं नाव पंचफुला. ती सातऱ्यात जायची. मिरचीचा सातरा म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायचं आवार. थंडी सरता सरता गावोगावची मिरची गाड्यांनी तिथं येऊन पडायची, लाल ढीग माणसाच्या डोक्याच्या वर जायचे, आणि बाया नाकाला फडकं बांधून रांगांनी बसायच्या. दिवसभर देठ तुटल्याची टिकटिक, त्यात कोणाचं तरी शिंकणं, कोणाचं खोकणं, कोणाचं गाणं. नवी बाई पहिले चार दिवस नुसती शिंकायची आणि जुन्या बाया तिची थट्टा करायच्या. मी शाळेतून सुटले की मायचा डबा घेऊन जायची, भाकर, लाखोळीचं वरण, कधी वाळल्या मच्छीचा तुकडा. माय डाव्या हाताच्या दोन बोटांनीच जेवायची, कारण उजवा हात तोंडाला लावायची सोय नव्हती. घरी आली की जवसाचं तेल चोळायची, ताकात हात बुडवून बसायची, तरी आग राहायचीच. त्यामुळे त्या दिवसांत माय आम्हाला हातानं जवळ घेत नसे, कोपरानं कुरवाळत असे. माझ्या लहानपणीची माया मला कोपराच्या स्पर्शानं आठवते.

सातऱ्याचे जुने मालक नत्थूजी. त्यांच्या वेळेपासून एक रीत होती. खुडताना जी मिरची हातात फुटते, तिचं बी बाईच्या ओटीत सांडतं. नत्थूजींनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "ओटीत जे पडलं ते तुमचं, बाया. घरी नेजा." बाया ते बी घरी नेऊन चटणीत कुटायच्या. माझी माय कुटत नव्हती. तिच्या नजरेखालून दिवसाला हजारो मिरच्या जायच्या, पन्नास गावच्या, आणि तिला कळायचं कोणती मिरची कशी आहे. पातळ सालीची, लांब, सुकूनही रंग न सोडणारी, पांढरी फटकी न पडणारी मिरची तिच्या हातात फुटली, की तेवढ्याच एकीचं बी ती पदराच्या टोकाला गाठ मारून आणायची. घरामागे आमची जेमतेम चार गुंठे जागा होती. तिथं ती ते लावायची. त्यातलंही चांगलं झाड दिसलं की त्याला चिंधी बांधायची, आणि चिंधीच्या झाडाची मिरची घरात कोणी खायची नाही, अगदी बासुद्धा नाही. पहिल्या तोड्याची ठेवायची नाही, शेवटल्या तोड्याची तर नाहीच, मधल्या तोड्याची, मधल्या फांदीची तेवढी बियाण्याला. राखेत कालवून एका गाडग्यात भरायची आणि तोंड शेणामातीनं लिंपायची. सहा वर्षं तिनं असं केलं. गल्लीतल्या बाया मागायच्या, "पंचफुलाबाई, चिमूटभर दे ना वं." तर म्हणायची, "अजून एक साल पाहू द्या. मंग सगळ्याइले वाटतो. खराब निघालं तं शिव्या मलेच देसान."

जमिनीचंही तिचं असंच होतं. शेणखत, चुलीची राख, उन्हाळ्यात तळ्यातून पाटीपाटीनं आणलेला गाळ, आणि निंबोळ्या कुटून केलेली ढेप. एकदा मी तिला न विचारता घोळ करून ठेवला होता. बाच्या सोबतच्या माणसानं अर्धं पोतं युरिया दिला होता, तो कोपऱ्यात पडून होता. मला वाटलं मायला खूश करावं. एका ओळीला मी गुपचूप मुठीमुठीनं टाकला, एकदा नाही, चार-पाचदा. ती ओळ माझ्या कानापर्यंत आली. काय ती पानं! लोक कुंपणाशी थांबून पाहायचे. आणि फुलं? फुलं यायची आणि गळून पडायची. सगळ्या ओळीत मिळून ओंजळभर मिरच्या लागल्या नाहीत. मायनं विचारलं, "काय टाकलं वं कुंदे?" मी सांगून टाकलं. ती मारायची नाही. म्हणाली, "पाय, बसल्या जागी पोटभर भेटलं तं झाड माजते. मंग ते नुसतं पानंच काढते. त्याले जरा भूक ठेवा लागते, तवा ते मिरची धरते." आणि तोडे होईपर्यंत रोज मला त्या ओळीसमोर उभं करायची, काही न बोलता. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, नत्र, स्फुरद, पालाश फळ्यावर लिहिलं, पण मला जे येत होतं ते त्या ओळीसमोर उभं राहून आलेलं होतं.

नत्थूजी वारले आणि सातरा त्यांच्या मुलाकडे, दिवाकरभाऊकडे आला. गोरा, तेल लावून भांग पाडणारा माणूस. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं की पंचफुलाच्या वाडीतली मिरची तुमच्या ढिगातल्या कोणत्याही मिरचीपेक्षा लाल आहे. एके दिवशी सातरा सुटायच्या वेळी तो फाटकात उभा राहिला. मी मायला घ्यायला आले होते, रिकामा डबा माझ्या हातात.

"पंचफुले, ओटी सोड."

"काहून जी?"

"सोड म्हटलं ना!"

मायनं पदर सोडला. कोपऱ्याची गाठ त्यानं स्वतः उकलली. चिमूटभर बी होतं.

"माह्या मालाचं बी चोरून घरी मिरची पिकवते. चोट्टी कुठची!"

"तुमच्या वडलांनी सांगतलं होतं, भाऊ. ओटीत पडलं ते—"

"बाप मेला माहा. सातरा माहा आहे आता."

मागं साऱ्या बाया उभ्या होत्या. एक बोलली नाही. उलट मला ऐकू आलं, एकेकीनं आपापली ओटी हळूच झटकली आणि बी जमिनीवर सांडलं. मायचे कान लालभडक झाले होते. ती मान खाली घालून चालत राहिली आणि मी डबा घेऊन मागं मागं. आमच्या घरी रोज दिवेलागणीला बुद्धाच्या तसबिरीसमोर पंचशील म्हणायचं. न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील आलं आणि मायचा आवाज अडकला. तिला ते पुढं म्हणता येईना. मग बानंच पुढचं म्हटलं. मला तेव्हा जे वाटलं त्याला दुसरं नाव नाही, मला दिवाकरभाऊचं वाटोळं झालेलं पाहिजे होतं. मी नवव्या वर्गात होते आणि मी तसबिरीकडे पाहत हेच मागितलं.

एवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी बा खाणीत गेल्यावर दोन माणसं घेऊन घरी आला आणि म्हणाला, गाडगं काढ, त्यातलं बीही माह्याच सातऱ्यातलं आहे, नाही तर ठाण्यात चाल. माय काकुळतीला आली. "अर्धं तं राहू द्या, भाऊ." त्यानं गाडगं काखेत मारलं. सहा वर्षांचं बी, राखेसकट. घरात दुसरं बियाणं उरलं नव्हतं. झाडं उपटून झाली होती आणि चिंधीची नसलेली मिरची बियांसकट कुटून वर्षाचं तिखट करून ठेवलं होतं. त्या पावसाळ्यात मायनं आमच्या चार गुंठ्यांत बाजारातली रोपं लावली आणि एकाही झाडाला चिंधी बांधली नाही.

दिवाकरभाऊनं आपल्या रस्त्याकाठच्या वावरात ते सगळं बी लावलं. एक दाणा मागं ठेवला नाही, एवढी हाव. रोप लागलं आणि त्यानं टिनाची पाटी ठोकली, 'दिवाकर मिरची'. तालुक्याचे कृषी अधिकारी थंडीत शिवारफेरीला त्याच्या वावरात येणार, हेही गावभर सांगून झालं. फक्त एक पंचाईत होती. रोपं बसून राहिली होती, आणि त्याला मिरची पिकवता येत नव्हती, विकता येत होती. मायला विचारायला गेला तर ती एवढंच म्हणाली, "जमीन तुमची, भाऊ, तुमीच पाहा." मग भादव्यात एका दुपारी मी शाळेतून येताना त्यानं मला एसटीच्या थांब्यावरल्या हॉटेलाशी गाठलं आणि पाव किलो जिलबीचा पुडा माझ्या हातात ठेवला.

"कुंदे, बेटा, तुही माय काय टाके वं झाडाले?"

शपथेवर सांगते, मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून आपोआप निघालं. "युरिया, काकाजी."

"लोक तं शेणखत म्हणतात."

"ते लोकाईले दाखवाले. पाहटे उठून युरिया टाके. दर पंधरा दिवसांनी मूठभर, अन् फूल दिसलं का दोन मुठा." आणि मग मला जे सुचलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. मी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हटलं, "माह्यं नाव नोका सांगू हं, माय मारीन मले."

तिथंच उभी राहून मी सगळी जिलबी खाल्ली, कागदाचा पाकही चाटला. संध्याकाळी चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही हे, तेव्हा मी नुसते ओठ हलवले.

आणि झाडं काय वाढली म्हणता! पंधरा दिवसांत गुडघा, महिन्यात कंबर. दिवाकरभाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसायला लागला. येणारा-जाणारा तोंडात बोट घालायचा. मी शाळेत जाता-येता पाहायची आणि मधूनच मला धसका भरायचा, अगं बाई, खरंच पिकली तर? मग एके दिवशी माय आणि मी बाजारातून येत होतो. माय वावरापाशी थांबली. तिनं एक पान चुरलं, बुंध्याशी वाकून पाहिलं. खाली फुलांचा पांढरा सडा पडला होता. "अवं माय," ती स्वतःशीच म्हणाली, "याले कोणं सांगतलं असं?" मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. दारात आल्यावर म्हणाली, "त्यातच सगळं गेलं माहं बी. मिरची नाही लागली तं बी कुठून येईन, कुंदे? संपलं मंग."

हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. मी त्याची जिरवत होते आणि मरत होतं मायचं बी. तेव्हा अजून वेळ होता. पळत जाऊन सांगता आलं असतं, काकाजी, थांबवा, मी खोटं बोलले, पाणी तोडा, एक मूठ टाकू नका आता. मी रात्रंदिवस तेच घोकत होते आणि माझा पाय उचलत नव्हता. बी गेलं तरी चालेल, पण त्याचं तोंड काळं झालेलं मला पाहायचं आहे, असं माझ्या मनात आलं. हे मी मायला कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज इथं लिहून ठेवते आहे.

शिवारफेरीच्या दिवशी वावरात मांडव, सतरंजी, चहाची पातेली. गाव लोटलं होतं आणि सातऱ्यातल्या झाडून साऱ्या बायाही आल्या होत्या. मी मायला हट्टानं घेऊन गेले. अधिकारी साहेब चष्मा लावलेले, शांत गृहस्थ होते. झाडांत शिरले ते छातीपर्यंत बुडाले. त्यांनी एक फांदी बाजूला सारली, दुसरी सारली, पुढच्या झाडाशी गेले, तिथंही सारली. शेवटी एक म्हातारा शेतकरी धुऱ्यावरून ओरडला, "झाड तं वडाएवढं केलं गा दिवाकर, मिरची कुठं लपवून ठेवली?" आणि जो हशा उसळला, मांडवाचं कापड हललं असेल. दिवाकरभाऊच्या कपाळावरून तेल की घाम, काहीतरी ओघळत होतं.

साहेबांनी विचारलं, "युरिया किती दिला?" त्यानं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "इतका? अहो, असं करायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

त्याची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर आली. मी हटले नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत राहिले, आणि मला वाटतं थोडी हसलेही.

"या पोट्टीनं!" तो बोट रोखून किंचाळला. "या पोट्टीनं सांगतलं मले!"

"ह्या मुलीनं?" साहेब म्हणाले. "तुमच्यासारख्या माणसानं शाळेतल्या मुलीला कशाला विचारलं?"

"अजी, हिच्या मायचंच तं बियाणं आहे ना हे! तिलेच मालूम—" आणि तो थांबला. पण शब्द निघून गेला होता. साहेबांनी वळून टिनाच्या पाटीकडे पाहिलं. गावानं पाहिलं. मागून सातऱ्यातल्या एका बाईचा आवाज आला, "म्हणजे चोट्टं कोण झालं वं बाया?" आणि ज्या बायांनी त्या दिवशी तोंडं शिवून घेतली होती, त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी असं ऐकत होते की अजून बोला, अजून बोला, थांबू नका.

माझ्या शेजारी माय नव्हती. पाहते तर ती वावराच्या टोकाला, धुऱ्यालगत वाकलेली. तिला जे कळलं ते साहेबांनाही कळलं नव्हतं. खत बायाच टाकतात. ओळीच्या सुरुवातीला खताची पाटी भरलेली असते, टोकाला येईस्तोवर रिकामी होते. त्यामुळे प्रत्येक ओळीचं शेवटचं झाड उपाशी राहिलं होतं. ती झाडं बुटकी होती, पिवळसर होती, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि त्यांना मिरच्या होत्या. लांब, पातळ, लालजर्द. माय एकेका टोकाशी थांबून मधल्या फांदीची तेवढी तोडत गेली आणि ओटीत टाकत गेली.

मग ती भरली ओटी घेऊन तडक दिवाकरभाऊसमोर आली. दोन्ही हातांनी पदर पसरला.

"पाहून घ्या, दिवाकरभाऊ. मागून म्हणसान, चोरलं."

त्यानं मान खाली घातली. "ने," म्हणाला.

"मोठ्यानं सांगा जी. त्या रोजी मोठ्यानं बोलले होते तुमी."

साहेब पाहत होते, गाव पाहत होतं. "ने वं बाई," तो म्हणाला, "तुहंच आहे."

घरी येईपर्यंत मी जमिनीवर नव्हते. मायनं अंगणात पोतं अंथरलं, त्यावर मिरच्या ओतल्या, राख आणली आणि मला समोर बसवलं. "फोड. काळजीनं बी काढ. फडकं बांधायचं नाही, तेल लावायचं नाही." मी फोडायला लागले. दहाव्या मिरचीला बोटं चुरचुरली, विसाव्याला पेटली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती उठू देईना. तीही समोर बसून उघड्या हातांनी फोडत होती. ते बी आज माझ्या भावाच्या वाडीत आहे, गल्लीत आहे, आजूबाजूच्या चार गावांत आहे, आणि लोक त्याला पंचफुला म्हणतात. पण त्या दिवशी ते एका पोत्यावर मावत होतं.

"चवथं शील म्हण," माय म्हणाली.

मी म्हटलं. मोठ्यानं, पूर्ण.

"दिवाकरभाऊशी अजून खोटं बोलशीन?"

हात जळत होते, नाक गळत होतं. नाही म्हणाले असते तर उठायला मिळालं असतं.

"हाव, बोलीन," मी म्हटलं.

मायनं आपल्यासमोरच्या राहिलेल्या मिरच्याही माझ्याकडे लोटल्या. "मंग ह्या बी तूच फोड," म्हणाली, आणि वाकून कोपरानं माझ्या तोंडावरचे केस मागं सारले.